मृतांच्या तोंडून बोललेल्या बायका

21 ऑक्टोबर 1888 च्या संध्याकाळी न्यूयॉर्कच्या 'अकॅडमी ऑफ म्युझिक' या नाट्यगृहात मॅगी फॉक्सने भर रंगमंचावर पायातला बूट काढला, लाकडी स्टुलावर पाऊल ठेवलं आणि अंगठ्याचा सांधा वाजवून दाखवला. टकटक थेट प्रेक्षागृहात ऐकू गेली. चाळीस वर्षांपूर्वी, 31 मार्च 1848 च्या रात्री, न्यूयॉर्क राज्यातल्या हाइड्सव्हिल या खेड्यात मॅगी आणि धाकटी केट यांनी अशाच टकटकीला मृताचा आवाज म्हटलं होतं. त्यातून परलोकवादाची चळवळ उभी राहिली आणि अमेरिका-युरोपात तिला लाखो अनुयायी मिळाले. आता मॅगी स्वतःच सांगत होती, की तो सगळा खेळ होता. केट प्रेक्षकांत बसली होती. धाकट्या बहिणींना लोकांसमोर आणणारी थोरली लीआ मात्र तिथे नव्हती आणि मॅगीचा मुख्य रोष तिच्यावरच होता. भूत खरं की खोटं एवढाच प्रश्न असता, तर विषय त्या संध्याकाळी संपला असता. तरीही माध्यम झालेल्या, म्हणजे मृतांच्या वतीने बोलणाऱ्या, स्त्रियांवरच्या गॉथिक ऐतिहासिक कादंबऱ्या आजही लिहिल्या जातात. माझ्या मते त्याचं कारण भुतात नाही. आपलं म्हणणं ऐकलं जावं म्हणून एका स्त्रीला मृताचं नाव का घ्यावं लागलं, हा या कादंबऱ्यांचा खरा प्रश्न आहे.

या प्रश्नाला इतिहासाचा भक्कम आधार आहे. 1848 मध्येच न्यूयॉर्क राज्याने विवाहित स्त्रीला स्वतःच्या नावावर मालमत्ता ठेवण्याचा हक्क दिला आणि जुलैत सेनेका फॉल्सला स्त्री-हक्कांची परिषद भरली. तिथल्या जाहीरनाम्यावर सही करणाऱ्या एमी पोस्ट फॉक्स बहिणींच्या अगदी सुरुवातीच्या पाठीराख्यांपैकी होत्या. स्त्री-हक्क आणि परलोकवाद यांना जोडणारा हा धागा इतिहासकार अ‍ॅन ब्रॉड यांनी 1989 च्या 'रॅडिकल स्पिरिट्स' या ग्रंथात सविस्तर उलगडला आहे. स्त्रीने व्यासपीठावर उभं राहून स्वतःचं मत मांडणं तेव्हा निर्लज्जपणाचं मानलं जाई. पण तंद्रीत, डोळे मिटून, दुसऱ्याच कुणाचा तरी आत्मा आपल्या मुखातून बोलतो आहे असं म्हणत ती तासभर बोलली, तर श्रोते शांत बसून ऐकत. त्यात घरोघरी लहान मुलं दगावत होती आणि पुढे अमेरिकेच्या यादवी युद्धात सहा लाखांहून अधिक माणसं गेली. दुःखी घरांना उत्तर हवं होतं, गप्प बसवलेल्या बायकांना बोलायचं होतं. प्रेतात्म्यांच्या बैठकीत या दोन गरजा समोरासमोर आल्या.

गॉथिक कथेचं नातं मुळापासून बंद वास्तूशी आहे. जुन्या कथांत ती वास्तू म्हणजे किल्ला किंवा मठ असे. या कादंबऱ्यांत तुरुंग आणि वेड्यांचं इस्पितळ आहे. सारा वॉटर्स यांची 'अफिनिटी' (1999) 1870 च्या दशकातल्या लंडनच्या मिलबँक तुरुंगात घडते. वडिलांच्या मृत्यूने खचलेली सुखवस्तू मार्गारेट तिथे कैदी बायकांना भेटायला जाते आणि सलीना या माध्यमाच्या ओढीत गुंतते. मार्गारेटच्या खोलीला कुलूप नाही, पण तिथेही पहारा आहेच. शेवट इथे उघड करणं योग्य नाही. पण ज्या घरात भगिनीभावाची स्वप्नं रंगतात, तिथे राबणारी मोलकरीण कुणाच्या नजरेत भरते का, हे वाचकाने जरूर पाहावं. बायकांमधलं प्रेम वर्गाची भिंत आपोआप ओलांडत नाही, हे ही कादंबरी फार कठोरपणे दाखवते.

व्हिक्टोरिया मास यांची फ्रेंच कादंबरी 'ल बाल दे फोल' (2019) याच प्रश्नाकडे उलट्या वाटेने जाते. पॅरिसचं साल्पेत्रिएर इस्पितळ, 1885 साल, डॉक्टर शार्को यांचा दरारा. मृत दिसतात असं सांगणाऱ्या युजेनीला बापच तिथे आणून टाकतो. इथे भूत खरं आहे: वॉर्डची करारी प्रमुख जनव्हिएव्ह हिला युजेनीकडून तिच्या मेलेल्या बहिणीचा निरोप मिळतो आणि तिची डॉक्टरांवरची निष्ठा डळमळू लागते. एका पुस्तकात भुतावर शंका, दुसऱ्यात भूत खरं. तरी दोन्हींत भीती एकच आहे, दार बाहेरून बंद होण्याची. ही भीती कल्पनेतली नव्हती. 1878 मध्ये लंडनच्या जॉर्जिना वेल्डन यांना नवऱ्याने वेडं ठरवून कोंडायचा प्रयत्न केला. परलोकवादावरचा विश्वास हा त्यांच्या 'वेडाचा' पुरावा ठरत होता. त्या निसटल्या आणि पुढे कोर्टात लढल्या.

अशा कादंबऱ्यांवरचा पहिला आक्षेप गंभीर आहे. अंधश्रद्धेविरुद्ध दीर्घ लढा देऊन 2013 मध्ये कायदा मिळवलेल्या महाराष्ट्रात, दुःखितांना फसवणाऱ्यांची सहानुभूतीने लिहिलेली कथा का वाचावी? मेलेल्या मुलाच्या नावावर आईकडून पैसे घेणं हा क्रूरपणाच आहे आणि तो कुठल्याही अन्यायाने धुतला जात नाही. पण फसवणूक उघडी पाडणं आणि ती का फोफावली हे समजून घेणं, ही दोन्ही कामं करावी लागतात. दुसरं काम टाळलं, तर एक बुवा जातो आणि दुसरा येतो. 'अफिनिटी' फसवणुकीला माफ करत नाही; त्या फसवणुकीची जखम ती वाचकालाही करते. दुसरा आक्षेप असा, की आजचा स्त्रीवाद कालच्या बायकांवर लादला जातो. काही कादंबऱ्यांत तसं होतंही. नायिका आजच्या भाषणाची वाक्यं बोलू लागते. मात्र सेनेका फॉल्सचा जाहीरनामा आणि वेल्डनबाईंचे खटले त्याच काळातले आहेत. ती तडफड मागाहून चिकटवलेली नाही.

याचा पुरावा शेवटी मॅगीच देते. त्या कबुलीनंतर वर्षभराने, 1889 मध्ये, तिने आपले शब्द मागे घेतले. मृतांच्या नावावर तिला चाळीस वर्षं श्रोते मिळाले. स्वतःच्या नावावर ती खरं बोलली, तर त्या खऱ्यावर तिला जगता आलं नाही. 1890 मध्ये लीआ गेली, 1892 मध्ये केट आणि 1893 मध्ये मॅगी. दोघी धाकट्या हलाखीत गेल्या. या बहिणी एकमेकींचा आधार होत्या, एकमेकींचा धंदा होत्या आणि एकमेकींच्या आरोपीही. हे तिन्ही एकाच वेळी खरं असू शकतं, हे मांडायला इतिहासाची नोंद अपुरी पडते. कादंबरी लागते ती त्यासाठी.