चांदीचे तोडे मोडण्याआधी

मृगाचे ढग दिसू लागले, की औंढा नागनाथच्या पंचक्रोशीत घरोघरच्या पेट्या उघडतात. सोयाबीनचे बी हवे, खत हवे आणि हळदीच्या पट्टीचे पैसे तर केव्हाच संपलेले. मग आजेसासूबाईंचे तोडे फडक्यातून बाहेर निघतात. सोने निदान गहाण पडते, परत येण्याची आशा असते. चांदी मात्र मोडीतच जाते, आणि तीही "काळी पडली आहे, भेसळ दिसते" एवढ्याशा शब्दांवर उतरलेल्या भावाने.

भगिनींनो, काळे पडणे हा चांदीचा दोष नाही. हवेतल्या व घामातल्या गंधकाशी संयोग होऊन तिच्यावर काळा थर बसतो. अगदी शुद्ध चांदीही काळवंडते.

राहिली भेसळ. तिचाही हिशेब घालता येतो. आपल्या भागात १९४८ पर्यंत निजामाचे राज्य होते. त्या काळी पुष्कळ घरांत सोनारापुढे रुपये मोजून ठेवायचे आणि तेच आटवून तोडे, वाळे, गोट घडवायचे. चारमिनार छापाचा जुना हाली रुपया ११.१८ ग्रॅमचा, त्यात शेकडा सुमारे ८२ भाग चांदी. कलदार, म्हणजे इंग्रजी रुपया ११.६६ ग्रॅमचा, बरोबर एक तोळा. त्यात शेकडा ९१.६७ भाग. म्हणून तर सात हालीला सहा कलदार असा हिशेब चाले. १९४० पासून मात्र कलदारात निम्मीच चांदी उरली आणि १९४७ मध्ये तो निकेलचा झाला.

समजा, तोडे चाळीस जुन्या हाली रुपयांचे आहेत. वजन सुमारे ४४७ ग्रॅम, पैकी शुद्ध चांदी सुमारे ३६६ ग्रॅम. सोनाराने वरून काही मिसळले नसेल, तर शेकडा १८ तूट रास्त धरावी. कोणी शेकडा चाळीस कापू लागला, तर कारण विचारावे. पोकळ वाकीत लाख भरलेली असते, तिचे वजन वजा करणे मात्र योग्यच.

पांढरे तेवढे चांदी नव्हे, हेही खरे. जर्मन सिल्व्हर नावाच्या धातूत तांबे, निकेल आणि जस्त असते. चांदी गुंजभरही नसते. महाशिवरात्रीच्या यात्रेत हौसेला जोडवी घ्यावीत, पण दाम चांदीचे देऊ नये. लोहचुंबकावर विसंबू नका, तो या दोन्ही धातूंना ओढत नाही. ठोस दागिना दोऱ्याने काठोकाठ भरलेल्या पाण्यात बुडवा आणि सांडलेले पाणी इंजेक्शनच्या पिचकारीने मोजा. १०५ ग्रॅम चांदी सुमारे १० मिलिलिटर पाणी सांडते, तेवढ्याच वजनाचे जर्मन सिल्व्हर १२ च्या वर. तांब्याची थोडी भेसळ या युक्तीने कळत नाही, ती कसोटीवरच कळते.

शहरातली मुले हल्ली प्लॅटिनमची किंवा पांढऱ्या सोन्याची अंगठी आणतात. प्लॅटिनम हा वेगळाच धातू, चांदीच्या दुपटीहून जड. १९२८ मध्ये पतियाळाच्या महाराजांचा प्रसिद्ध हिऱ्यांचा हार पॅरिसमध्ये घडला, तो प्लॅटिनममध्ये. पांढरे सोने म्हणजे पॅलेडियम किंवा निकेल मिसळलेले सोनेच. वरचा ऱ्होडियमचा मुलामा झिजला, की ते पिवळसर दिसते. सुनेने घाबरू नये आणि सासूनेही लगेच बोलू नये!

तांड्यावरच्या आजीच्या घुगऱ्या-टोपल्या मात्र होईल तोवर मोडू नयेत, असे मला वाटते. वितळल्यावर त्यांचे निव्वळ वजन उरते, घडाई कोणी मोजत नाही.

नवी चांदी घेताना हॉलमार्क मागून घ्यावा. १ सप्टेंबर २०२५ पासून चांदीच्या हॉलमार्कमध्येही सहा अक्षर-अंकांचा क्रमांक आला, तो मोबाईलवर पडताळता येतो. तेव्हा सोन्यासारखी सक्ती केली नव्हती, म्हणून मागावा लागतो. त्रिकोणी खूण आणि शेजारचा आकडाही पाहावा: ९२५ म्हणजे हजारात ९२५ भाग चांदी.

आणि तोडे मोडायचेच ठरले, तर आधी घरी वजन करून कागदावर लिहावे, आटणी डोळ्यांदेखत करून घ्यावी, लगडीचा कस तपासून घ्यावा आणि मगच भावाचे बोलावे. पावती घेतल्यावाचून दुकानाची पायरी उतरू नये.