गोड्या पाण्यातील मासेमारी : जाळ्याच्या धाग्याची निवड आणि निगा

नांदेड व लातूर हे जिल्हे समुद्रापासून दूर असले, तरी मासेमारी येथे नवीन नाही. गोदावरी, मांजरा, मन्याड व पैनगंगा या नद्यांच्या काठी भोई समाजाने हा व्यवसाय पिढ्यान्‌पिढ्या सांभाळला आहे. नांदेडजवळील विष्णुपुरी, बारूळचा निम्न मानार, लिंबोटीचा ऊर्ध्व मानार, तसेच लातूर जिल्ह्यातील रेणा, तिरू व देवर्जन या जलाशयांमुळे मासेमारीस आणखी क्षेत्र उपलब्ध झाले. जलाशयात कटला, रोहू व मृगळ यांची बोटुकली सोडली जाते. परंतु बीज सोडणे हे अर्धेच काम होय. ते मासे कोणत्या जाळ्याने आणि केव्हा धरले जातात, यावर मच्छीमाराचे उत्पन्न व तलावाचे भवितव्य अवलंबून असते.

पूर्वी जाळी कापसाच्या किंवा तागाच्या सुताची असत. ओल्या सुतावर जिवाणू वाढून ते कुजते. म्हणून टॅनिनयुक्त सालीच्या काढ्यात जाळे बुडवून ते टिकाऊ केले जाई. नायलॉन आल्यावर ही मेहनत संपली. कोचीन येथे १९५७ साली स्थापन झालेल्या केंद्रीय मत्स्य प्रौद्योगिकी संस्थेने जाळ्यांच्या साहित्यावर संशोधन करून या कृत्रिम धाग्यांच्या प्रसारास हातभार लावला.

नायलॉन कुजत नाही, म्हणून त्याला निगा लागत नाही, असा समज मात्र चुकीचा आहे. कोकणात खारे पाणी गळ, तारा व रिळाचे धातूचे भाग खाते; म्हणून ही साधने वापरानंतर गोड्या पाण्याने धुवावी लागतात. मराठवाड्यात मिठाचा त्रास नाही. येथे शत्रू आहे तो उन्हाचा. सूर्यप्रकाशातील अतिनील किरणांनी नायलॉन हळूहळू ठिसूळ होते. बाहेरून धड दिसणारे जाळे मोठा मासा अडकताच फाटते. यासाठी जाळे धुऊन, चिखल व काटक्या काढून सावलीत वाळवावे आणि उंदरांपासून सुरक्षित अशा हवेशीर जागी टांगून ठेवावे. हंगामापूर्वी जाळ्याच्या निरनिराळ्या भागांतील धागा हाताने ओढून पाहावा. तो सहज तुटत असल्यास त्या जाळ्याच्या दुरुस्तीवर खर्च करू नये.

धागा विकत घेताना त्यावरील आकडे समजून घेणे आवश्यक आहे. ९,००० मीटर लांबीच्या धाग्याचे वजन २१० ग्रॅम भरले, तर तो २१० डेनियरचा होय. '२१०/२/३' याचा अर्थ असे दोन धागे एकत्र करून केलेल्या तीन लडी पिळल्या आहेत. म्हणजे एकूण सहा धागे. आकडा वाढला की बळ वाढते. पण धागा जाड झाल्याने तो माशाला अधिक जाणवतो व पकड घटते. म्हणून स्वच्छ, संथ पाण्यात बारीक धागा आणि बुडालेल्या झाडांचे बुंधे असलेल्या भागात जाड धागा वापरणे इष्ट ठरते. एकेरी तंतूचे पारदर्शक जाळे पाण्यात दिसत नाही. परंतु ते फाटल्यास दुरुस्त करणे अवघड असते. ओल्या नायलॉनची गाठ सरकते, म्हणून दुहेरी गाठ मारावी.

धाग्याहूनही महत्त्वाचा आहे तो आसाचा आकार. कल्ल्यात अडकविणाऱ्या जाळ्यासाठी साधारण हिशेब असा, की माशाचा घेर हा आसाच्या चारही बाजूंच्या बेरजेच्या सव्वापट असावा. घेर २५ सेंटिमीटर असल्यास बेरीज २० सेंटिमीटर येते. म्हणजे ताणलेला आस १० सेंटिमीटर, अर्थात १०० मिलिमीटरचा. आस याहून बराच बारीक ठेवला, की वाढीस लागलेली बोटुकली आधीच निघून जातात. आज हाती आलेली मूठभर मासळी म्हणजे उद्याच्या किलोभर वजनाच्या माशांचा नाश होय.

नायलॉनचा टिकाऊपणा हाच त्याचा एक दोषही आहे. पाण्यात हरवलेले जाळे कुजत नसल्याने कोणाच्याही उपयोगी न पडता मासे, कासवे व पाणपक्षी मारीत राहते. तुटलेले तुकडे काठावर टाकू नयेत. अडकलेले जाळे शक्य तेव्हा बाहेर काढावे.

या भागात पावसाची हमी नसते. एप्रिल २०१६ मध्ये लातूर शहरास मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, ही घटना सर्वांच्या स्मरणात आहे. अशा वेळी आटलेल्या तलावांतील मासळीही नाहीशी होते आणि मच्छीमाराजवळ त्याच्या जाळ्याशिवाय दुसरे भांडवल उरत नाही. ते सुस्थितीत राहिले, तरच पुढील पावसाळ्यानंतर व्यवसाय पुन्हा उभा राहू शकतो.

पंचायत सदस्यांनी सहकारी संस्थांशी बोलून आपल्या तलावासाठी आसाची किमान मर्यादा आणि पावसाळ्यातील प्रजननकाळात मासेमारी बंद ठेवण्याचा नियम कटाक्षाने पाळला जाईल, हे पाहावे. मत्स्यव्यवसाय खात्याच्या अधिकाऱ्यांचे मार्गदर्शन यासाठी घ्यावे. शिक्षकांनी डेनियरचा व आसाचा हिशेब गणिताच्या तासाला घेतल्यास मच्छीमारांच्या मुलांना घरच्या व्यवसायामागील शास्त्र कळेल. जाळ्याची योग्य निवड ही खर्चाची बाब नसून बचतीची आहे, आणि तिचा लाभ मच्छीमाराबरोबर तलावासही मिळतो.