धातूचे ब्रॅकेट व दंतवल्क : पृष्ठभागाची पूर्वतयारी आणि जोडणी

प्रस्तावना :
वेड्यावाकड्या दातांच्या उपचारात प्रत्येक दातावर पोलादाचा एक लहानसा तुकडा चिकटविलेला असतो. त्यास ब्रॅकेट म्हणतात. तारेचा ताण या ब्रॅकेटमार्फत दातापर्यंत पोहोचतो. चावण्याचा दाब, लाळेचा ओलावा व अन्नाचे कमीअधिक तापमान सोसून त्याने साधारणतः दीड ते दोन वर्षे टिकावे आणि उपचार संपताच दातास इजा न करता निघावे, अशी दुहेरी अपेक्षा असते. ही अपेक्षा कशी पूर्ण होते, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी :
पूर्वी प्रत्येक दाताभोवती धातूची पट्टी सिमेंटने बसवीत असत. १९५५ साली मायकेल बुओनोकोअर यांनी ८५ टक्के फॉस्फोरिक आम्ल दातावर ३० सेकंद लावल्यास अ‍ॅक्रिलिक रेझिन अधिक घट्ट चिकटते, हे दाखवून दिले. १९६५ मध्ये जॉर्ज न्यूमन यांनी इपॉक्सी रेझिनच्या साहाय्याने ब्रॅकेट थेट दातावर चिकटविण्याची पद्धत मांडली.

दंतवल्काची पूर्वतयारी :
दाताचे बाह्य आवरण म्हणजे दंतवल्क अर्थात एनॅमल. त्याचा वजनाने सुमारे ९६ टक्के भाग खनिज असून ते मुख्यतः हायड्रॉक्सिअ‍ॅपेटाइट होय. त्यावर लाळेतील प्रथिनांचा पातळ थर असतो. म्हणून प्रथम तेलविरहित प्यूमिसच्या भुकटीने दात घासून धुतात. नंतर ३७ टक्के फॉस्फोरिक आम्ल १५ ते ३० सेकंद लावून, भरपूर पाण्याने धुऊन दात कोरडा करतात. आम्लामुळे खनिज असमान प्रमाणात विरघळते, सूक्ष्म छिद्रे निर्माण होतात व दात खडूसारखा पांढरा दिसू लागतो. पृष्ठऊर्जा वाढल्याने पातळ रेझिन या छिद्रांत सहज शिरते आणि तेथेच घट्ट होऊन मुळांसारखी पकड घेते. या टप्प्यावर लाळेचा स्पर्श झाला तर छिद्रे बुजतात व पुढील सारे श्रम व्यर्थ जातात.

धातूची बाजू :
पोलादाशी सामान्य रेझिनचा प्रभावी रासायनिक बंध होत नाही. म्हणून ब्रॅकेटच्या तळाशी बारीक जाळी बसविलेली असते. तिच्यात शिरून घट्ट झालेले रेझिन यांत्रिक पकड देते. तळाला बोट लागू न देणे, ब्रॅकेट दाबून बसविणे आणि कडेला आलेले जादा रेझिन काढून टाकणे आवश्यक असते. अन्यथा तेथे जिवाणूंचा थर साचून दातावर पांढरे डाग पडतात. यानंतर सुमारे ४७० नॅनोमीटर तरंगलांबीच्या निळ्या प्रकाशाने रेझिनचे बहुवारिकीकरण घडवितात.

सिमेंटची निवड :
ग्लास आयोनोमर सिमेंटमधील कार्बोक्सिल गट दातातील कॅल्शियमशी रासायनिक बंध साधतात, त्यातून फ्लोराइड बाहेर पडते आणि थोडा ओलावाही त्यास चालतो. मात्र त्याची पकड कंपोझिट रेझिनपेक्षा सामान्यतः कमी असते. रेझिनमिश्रित ग्लास आयोनोमर हा या दोहोंमधील मार्ग होय.

बळ किती असावे?
१९७५ साली रेनॉल्ड्स यांनी सुमारे ६ ते ८ मेगापास्कल इतके बंधबल पुरेसे मानले. बळ जितके अधिक तितके चांगले, हा नियम येथे लागू पडत नाही. दंतवल्क तयार करणाऱ्या पेशी दात उगवल्यानंतर उरत नाहीत; त्यामुळे निघालेला तुकडा शरीर पुन्हा घडवू शकत नाही. म्हणून ब्रॅकेट काढताना जोड ब्रॅकेट व रेझिन यांच्यामध्ये तुटणे अधिक सुरक्षित ठरते. दातावर उरलेले रेझिन टंगस्टन कार्बाइडच्या बरने जपून काढता येते. किती रेझिन उरले हे मोजण्यासाठी आर्तुन व बर्गलँड यांनी १९८४ मध्ये ० ते ३ असा निर्देशांक सुचविला.

समारोप :
सारांश, जोडणीचे यश केवळ सिमेंटच्या बळावर अवलंबून नसते. स्वच्छता, योग्य आम्लक्रिया व कोरडेपणा यांवर तिचा पाया उभा राहतो. रसायनशास्त्र, पदार्थविज्ञान आणि दंतवैद्यक येथे एकत्र येतात. हाती घेतलेला दात घेतला तसाच परत करणे, हीच या जोडणीची खरी कसोटी होय.