बाळंतिणीचं रक्त मोजायला हवं

गर्भारपणात आणि बाळंतपणात २०२३ साली जगभरात सुमारे २ लाख ६० हजार स्त्रिया दगावल्या. त्यांतल्या दहांपैकी नऊ गरीब आणि निम्न-मध्यम उत्पन्नाच्या देशांतल्या होत्या. या मृत्यूंचं सर्वांत मोठं कारण म्हणजे प्रसूतीनंतरचा रक्तस्राव.

नजरेचा अंदाज

वार पडल्यावर गर्भाशय घट्ट आवळतं आणि उघड्या रक्तवाहिन्या दाबून धरतं. ते सैल राहिलं की रक्त वाहतच राहतं. ५०० मिलिलीटर गेलं की धोका धरतात. पण ते मोजायचं कुणी? चादरीत, कापसात, फरशीवर रक्त मुरून जातं, रात्रपाळीला एकटी नर्स असते, आणि नजरेचा अंदाज बहुधा कमीच निघतो.

खुणांची पिशवी

केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका आणि टांझानियातल्या ८० रुग्णालयांत दोन लाखांवर प्रसूतींमध्ये 'ई-मोटिव्ह' अभ्यास झाला. बाळंतिणीखाली मापाच्या खुणा असलेली प्लॅस्टिकची पिशवी लावली. रक्त खुणेला पोचताच गर्भाशयाला मालिश, गर्भाशय आवळणारं ऑक्सिटोसिन, रक्तस्राव रोखणारं ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड, सलाईन आणि तपासणी ही सगळी कामं एकदमच सुरू केली. एक उपाय करून वाट बघायची, मग दुसरा, ही जुनी रीत सोडली. २०२३ मध्ये निकाल आला: एक लिटर वा अधिक रक्तस्राव, त्यासाठी पोट उघडण्याची वेळ किंवा मृत्यू, हे सारं मिळून ६० टक्क्यांनी कमी. नवं औषध एकही नव्हतं. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते.

ऑक्सिटोसिन मात्र २ ते ८ अंशांत ठेवावं लागतं. वीज गेलेल्या आरोग्य केंद्रात त्याचा जोर ओसरतो.

ढाक्यातली युक्ती

तरीही रक्त थांबलं नाही तर? ढाक्याच्या डॉ. सायेबा अख्तर यांनी कॅथेटरला निरोध बांधला, तो गर्भाशयात ठेवून सलाईनने फुगवला आणि आतून दाब दिला. महागड्या परदेशी फुग्याचं काम त्यांनी अगदी थोडक्या खर्चात साधलं.

आपल्याकडे

महाराष्ट्रात दर लाख जिवंत जन्मांमागे २००४-०६ मध्ये १३० माता दगावत. २०१८-२० मध्ये ३३. पण हा आकडा सरासरीचा आहे, दुर्गम भागाची अडचण त्यात दिसत नाही. मेळघाटातल्या धारणीहून अमरावती शंभरावर किलोमीटर, तेही घाटातून. त्यात देशातल्या निम्म्याहून अधिक गर्भवतींना रक्तक्षय. त्यांना थोडं रक्त गेलेलंही झेपत नाही. म्हणून १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका येण्याआधीच रक्त मोजलेलं आणि सलाईन व औषधं सुरू झालेली असली पाहिजेत.