बादली, खाट आणि ती नजर

गर्भपात म्हटले की धर्ममार्तंडांना पाप आठवते, मरणारी बाई आठवत नाही. मनू तिकडेही आहे, झगा तेवढा वेगळा! २८ जून १९९८ रोजी पोर्तुगालमध्ये गर्भपाताला कायद्याची मान्यता द्यावी का, यावर सार्वमत झाले. जेमतेम ३२ टक्के लोक मतदानाला गेले आणि प्रस्ताव थोडक्यात पडला. चित्रकार पॉला रेगो संतापल्या. १९९८-९९ मधली त्यांची गर्भपातावरची पेस्टल चित्रे त्या संतापातून आली.

हा पुस्तकी स्त्रीवाद नव्हता. लंडनच्या स्लेड कलाशाळेत शिकताना रेगो स्वतः यातून गेल्या होत्या. पुढे पोर्तुगालमधल्या एरिसेरा या कोळ्यांच्या गावी राहताना गरीब बायका त्यासाठी पैसे मागायला दारात येत. बंदीचा फास कोणाच्या गळ्यात बसतो, हे चळवळीच्या वाचकांना सांगायला नको.

चित्रांत रक्त नाही, डॉक्टर नाही. बादली आहे, खाट आहे, शाळेच्या गणवेशातली मुलगी आहे. युरोपच्या चित्रकलेत बाई शतकानुशतके पलंगावर पहुडली ती पुरुषाच्या डोळ्यांसाठी. रेगोंची बाई तिथेच कळ सोसते आणि बघणाऱ्याच्या डोळ्याला डोळा भिडवते. मान खाली घालायची ती त्याने!

रेगोंना गोयाची ओढ होती. गोयाने युद्धाचे हाल धातूच्या पत्र्यावर कोरून छापले. रेगोंनीही हाच विषय तसा कोरला, कारण छापलेले चित्र दालनाबाहेर जाते. २००७ च्या दुसऱ्या सार्वमतापूर्वी ती चित्रे पोर्तुगीज वृत्तपत्रांत झळकली. ११ फेब्रुवारीला ५९ टक्के मतदारांनी होकार दिला आणि त्याच वर्षी दहा आठवड्यांपर्यंतचा गर्भपात कायदेशीर झाला.