चढत्या हवेचें पंचांग

आमची धाकटी बहीण पुण्यास कोथरुडांत राहते. गेल्या फाल्गुनांत एके दिवशीं तिचा फोन आला, तो नेहमींप्रमाणें प्रकृतीची विचारपूस करण्यासाठीं नव्हता. "दादा, हा मुलगा दर रविवारीं कामशेतास जातो आणि डोंगरावरून उडी टाकतो. माझें ऐकत नाहीं, तुझें ऐकेल. एकदां त्याच्याबरोबर जाऊन पाहा आणि त्याला समजाव." पस्तीस वर्षें शाळेंत संस्कृत शिकविल्यामुळें धातुरूपें पाठ न करणाऱ्या मुलांस समजाविण्याचा आम्हांस सराव आहे, डोंगरावरून उडी टाकणाऱ्यास समजाविण्याचा प्रसंग आजवर आला नव्हता. तथापि बहिणीचा शब्द मोडवेना. शनिवारीं सायंकाळीं आम्ही तिच्या घरीं मुक्कामास गेलों.

जेवणें आटोपलीं तरी भाचा मोबाईलमध्यें डोकें घालून बसलेला. काय पाहतोस, असें विचारतां म्हणाला, "उद्यां हवा किती वाजतां उठेल तें पाहतों आहें, मामा." हवा उठते, आणि तीही वेळ पाहून उठते, ही गोष्ट आम्हांस नवीन होती. समजाविण्याचें काम सकाळवर टाकून आम्ही त्याच्या शेजारीं बसलों, आणि पुढील दोन तास शिक्षकाच्या जागीं तो व विद्यार्थ्याच्या जागीं आम्ही अशी अदलाबदल झाली. त्यांतून जें कळलें तें येथें मांडतों. कारण ज्या घरांतील मुलें या छंदास लागलीं आहेत, तेथील वडील माणसांस निदान काय विचारावें एवढें तरी ठाऊक असावें.

प्रथम, ती उडी नव्हे. पॅराग्लायडर म्हणजे हवेनें फुगणारा कापडी पंख; हँग-ग्लायडरास नळ्यांचा सांगाडा असतो आणि उडणारा त्याखालीं आडवा लोंबकळतो. इंजिन दोहोंसही नाहीं. स्थिर हवेंत दोन्ही सतत खालींच येत असतात. पॅराग्लायडर सेकंदास सुमारें एक मीटर या वेगानें. डोंगर तीनशें मीटर उंच असला तर पांच मिनिटांत खेळ आटोपला. मग ही मंडळी दोन-दोन तास वर राहतात कशी? भाच्यानें सरकत्या जिन्याची उपमा दिली. वर जाणाऱ्या जिन्यावरून एखादा माणूस सावकाश पायऱ्या उतरूं लागला, तरी एकंदरींत तो वरच जातो. हवेच्या अशा जिन्यास ते 'थर्मल' म्हणतात. आम्ही त्यास येथें लोट म्हणूं.

ऊन तापवितें तें मुख्यतः जमिनीस, आणि जमीन हवेस. परंतु सर्व जमीन सारखी तापत नाहीं. उघडा कातळ, कोरडें नांगरलेलें शेत, पत्र्याचीं छपरें लवकर तापतात. धरणाचें पाणी आणि झाडी मागें राहते. मावळांत भाताच्या रोपांसाठीं उन्हाळ्यांत राब भाजतात. त्या काळ्या पडलेल्या तुकड्यांवर आकाशांतून आपली नजर असते असें भाचा म्हणाला. तापलेली हवा हलकी होते, कांहीं वेळ जमिनीस चिकटून राहते आणि मग एखाद्या बांधाच्या किंवा कड्याच्या कांठाशीं सुटून वर निघते. चैत्रांत पाचोळा गरगरवीत शेतांतून जाणारी वावटळ आपण सर्वांनीं पाहिली आहे. ती पुष्कळदां अशाच एखाद्या लोटाचें धुळीमुळें दिसूं लागलेलें मूळ असते.

हा लोट केव्हां सुटेल आणि कोठवर चढेल? येथें गणित येतें, पण तें आमच्यासारख्यासही पेलण्याजोगें आहे. वर दाब कमी असल्यामुळें चढणारी हवा प्रसरण पावते आणि कोरडी असेल तर दर शंभर मीटरांस जवळजवळ एक अंश निवते. हा नियम ठरलेला. भोंवतालची हवा मात्र उंचीबरोबर किती निवते, हें रोज निराळें. जोंवर लोट भोंवतालच्या हवेहून उष्ण, तोंवर तो चढतो. समान झाला कीं थांबतो. तेव्हां सारा प्रश्न वरची हवा आज किती उष्ण आहे एवढाच उरतो.

तें मोजण्यासाठीं जगभरच्या वेधशाळा रोज ठरल्या वेळीं फुगे सोडतात. आपल्याकडील वेळा पहांटे व सायंकाळीं साडेपांचच्या सुमाराच्या. फुग्याखालीं लोंबणारें यंत्र वर जातां जातां उष्णता, आर्द्रता व दाब रेडिओनें कळवीत राहतें. ते आंकडे ज्या तिरप्या रेघांच्या पत्रिकेवर मांडतात तिला टेफिग्राम म्हणतात. ती इंग्लंडांतील नेपियर शॉ यांनीं १९१५ च्या सुमारास योजिली. पुणेकरांस हें शास्त्र परकें वाटूं नये. १९२८ सालीं हवामानखात्याचें मुख्य कार्यालय सिमल्याहून पुण्यास आलें. १९४४ सालीं तें दिल्लीस गेलें तरी शिवाजीनगरच्या त्या इमारतीस लोक अद्याप 'सिमला ऑफिस'च म्हणतात. आम्ही तिच्यावरून शेंकडों वेळां गेलों असूं. आंत कसला हिशेब चालतो, हें कधीं मनांतही आलें नाहीं.

भाच्यानें एका जुन्या पाकिटाच्या पाठीवर हिशेब मांडून दाखविला. समजा, पहांटे जमिनीजवळ १४ अंश आहेत. पण पांचशें मीटरांवर २०, हजारावर १८ आणि दीड हजारावर १६. जमिनीजवळ कमी आणि वर जास्त हें आम्हांस उफराटें वाटलें. परंतु निरभ्र रात्रीं जमीन निवते, तिच्यालगतची हवा निवते, आणि वर उष्ण हवेचें झांकण बसतें. आतां जमिनीवरची हवा पांचशें मीटर चढेपर्यंत पांच अंश निवणार. तेव्हां झांकण उघडण्यास जमिनीवर २५ अंश हवेत. ते साडेदहाला होणार असतील, तर तोंवर डोंगरावर बसून शिदोरी खावी! दुपारीं पारा ३१ वर गेला, तर पांचशें मीटरांवर लोट २६ अंशांचा व भोंवतालीं २०. हजारावर २१ व १८. दीड हजारावर १६ आणि १६. येथें जिना संपला. आम्हीं हिशेब दोनदां तपासला; चूक सांपडली नाहीं.

ढगांचें गणित त्याहून सोपें. जमिनीवरचें तपमान व दवबिंदु यांतील अंतरास सव्वाशेंनीं गुणिलें कीं ढगाच्या तळाची उंची सुमारें तितके मीटर येते. वरील दिवशीं दवबिंदु १२ असला तर तळ २,३७५ मीटरांवर. लोट पोंचणार दीड हजारांवर. म्हणून ढग नाहीं. लोट आहेत, पण दिसत नाहींत. आश्विनांत पाऊस नुकताच उलगडला असतां तपमान ३० व दवबिंदु २० असले, तर तळ साडेबाराशेंवर, आणि एकेका लोटाच्या माथ्यावर पिंजलेल्या कापसाचा पुंजका बसलेला. उडणाऱ्यांस तो दिवस दिवाळीचा.

परंतु ढग हें नेहमींच शुभचिन्ह नव्हे. वरची हवा फारच थंड असली तर लोट थांबत नाहीं. ढगांत वाफेचें पाणी होतांना व पाणी गोठतांना निघणाऱ्या उष्णतेनें तो अधिकच जोर धरतो आणि गडगडाटी मेघ होतो. १४ फेब्रुवारी १९०७ नव्हे, २००७ ची, म्हणजे आपल्याच काळांतील गोष्ट: ऑस्ट्रेलियांत मॅनिला या गांवीं जागतिक स्पर्धेपूर्वींचा सराव चालला असतां एवा विश्निएर्स्का ही जर्मन संघांतील बाई अशा मेघांत ओढली गेली. ती ९,९४६ मीटरांवर, म्हणजे गौरीशंकराहूनही वर, पोंचली. बराच वेळ बेशुद्ध होती. अंगावर बर्फ जमलें. आणि तरी जिवंत उतरली. त्याच मेघांत सांपडलेला एक चिनी उडणारा मात्र वांचला नाहीं. किष्किंधाकांडांतील संपातीची आम्हांस आठवण झाली. त्याचे पंख उष्णतेनें जळाले. वर खरोखर असते ती थंडी. हें सारें बहिणीस सांगावें कीं नाहीं, याचा विचार आम्हीं त्या रात्रीं बराच वेळ केला.

निरभ्र दिवशीं लोट ओळखावा कसा? पांखरांवरून. ही विद्या आपल्याच देशांत प्रथम पद्धतशीरपणें लिहिली गेली, हें आम्हांस त्या रात्रींच समजलें. गंगा-यमुनेच्या पाण्यांत पटकीचे जंतु मरतात असें १८९६ सालीं दाखविणारे अर्नेस्ट हँकिन हे आग्र्यास सरकारी रसायन-परीक्षक होते. फावल्या वेळांत ते घारी-गिधाडें न्याहाळीत आणि सकाळीं कोणता पक्षी पंख न हलवितां केव्हां तरंगूं लागतो, याच्या नोंदी करीत. त्यांना दिसलें तें असें कीं हलकी घार आधीं उठते आणि जड गिधाडें मागाहून, दिवस तापल्यावर. हवेच्या या गुणास त्यांनीं 'सोअरेबिलिटी' असें नांव दिलें आणि १९१३ सालीं यावर पुस्तक प्रसिद्ध केलें. आज तीं गिधाडें कोठें आहेत? गुरांस टोंचावयाच्या डायक्लोफिनॅक या औषधानें त्यांचा संहार झाला. २००६ सालीं त्याच्या पशुवैद्यकीय उपयोगास बंदी झाली, पण तोंवर आकाश रिकामें झालें होतें. आमच्या लहानपणीं गांवाबाहेर दिसणारीं तीं वर्तुळें भाच्यानें मावळांत एकदांही पाहिलेलीं नाहींत. त्याचें काम घारींवरच भागतें.

हल्लीं फुग्याचे आंकडे हातानें मांडीत बसावें लागत नाहीं. गणकयंत्रें सर्व पृथ्वीचे चौकोन पाडून पुढील कित्येक दिवसांचा हिशेब करतात. युरोपीय केंद्राचे चौकोन नऊ किलोमीटरांचे. २०२५ च्या मे महिन्यांत सुरू झालेली 'भारत फोरकास्ट सिस्टिम' पुण्यासच, पाषाणच्या संस्थेंत, तयार झाली; तिचे चौकोन सहा किलोमीटरांचे. पण कामशेतची डोंगराची धार त्याहून अरुंद! यंत्राच्या लेखीं तेथें डोंगर नाहीं, एक गुळगुळीत चढ आहे. धारेच्या कोणत्या अंगास हवा उठेल आणि कोणत्या अंगास भोंवरे घालीत कोसळेल, हें ज्याचें त्यानें जागेवर पाहावयाचें.

रात्रीं निजण्यापूर्वीं भाचा म्हणाला, "लोट उद्यां उत्तम आहेत. पण एक वाजल्यापासून वरचा पश्चिमेचा वारा ताशीं तीस किलोमीटर दाखवितो आहे. माझा पंख ताशीं सदतीस जातो. बहुधा मी उडणार नाहीं." मग जावयाचें कशाला, असें आम्हीं विचारलें. "बहुधा म्हणालों, मामा. तेथें जाऊन पाहावें लागतें."

रविवारीं नऊ वाजतां आम्ही टेकडीवर होतों. खालीं पवनेचें पाणी आरशासारखें, वारा नांवापुरता. उडणारे पंधरा-वीस, बहुतेक पुण्या-मुंबईचे नोकरदार, पंख पसरून बसले होते. दहा वाजून चाळीस मिनिटांनीं समोरच्या कड्याजवळ एक घार पंख न हलवितां वळूं लागली आणि सर्वांच्या माना तिकडे वळल्या. आम्हीं घड्याळ पाहून ठेविलें. अर्ध्या तासांत आठ जण आकाशांत होते. पाहण्यासारखें दृश्य होतें, हें नाकबूल करवत नाहीं. भाचा बसूनच राहिला. त्याचें लक्ष उडणाऱ्यांकडे नव्हतें. दूरच्या वणव्याचा धूर कोणत्या उंचीवर वांकतो, तें तो पाहत होता.

साडेबारा वाजले, वारा अजून शांतच. "तुझें भाकीत चुकलें कीं रे," आम्ही म्हणालों. तो फक्त हंसला. सव्वा वाजतां गवत एकाएकीं निजलें. कोंकणांतून घाट चढून येणारा हा समुद्राचा थंड वारा; संध्याकाळीं पुणेकर ज्यासाठीं पश्चिमेच्या खिडक्या उघडतात तोच. थंड हवा खालून सरकली कीं लोटांची मुळें तुटतात. आणि दोन्हींच्या सीमेवर हवा वेडीवांकडी उसळते. सात जण पाहतां पाहतां उतरले. आठवा फार उंच होता. त्याचें तोंड पश्चिमेकडे, पण तो मागें मागें जाऊं लागला आणि धारेपलीकडे, जेथें हवा कोसळते त्या अंगास, दिसेनासा झाला.

पुढील पन्नास मिनिटें त्याचा फोन लागेना. रेडिओवर हांका मारल्या, उत्तर नाहीं. कोणी कोणाशीं बोलत नव्हतें. तो तिशींतला तरुण सकाळीं आमच्याजवळ बसून आम्हांस चहा देऊन गेला होता, आणि त्याला आई असणार, यापलीकडे आम्हांस दुसरें कांहीं सुचेना. दोन जण मोटार घेऊन निघाले. अखेर त्याचाच फोन आला: पलीकडच्या एका गांवीं शेतांत उतरलों, पंख बाभळीवर फाटला, अंगावर ओरखडे आहेत. भाच्यानें आपला पंख, जो उघडलाच नव्हता, गाडींत ठेविला. "मी म्हटलें नव्हतें का", असें तो कोणास म्हणाला नाहीं. आम्हांस तें आवडलें.

घरीं पोंचतांच बहिणीनें विचारलें, "समजावलेंस का?"

"तो उडालाच नाहीं," आम्ही म्हणालों.

"कां? बरें नाहीं का त्याला?"

मग आम्ही तें पाकीट काढून तिच्यापुढें ठेविलें आणि झांकणाची, पंचवीस अंशांची व समुद्राच्या वाऱ्याची हकीकत सांगितली. आठव्या उडणाऱ्याचीही सांगितली. लपवून उपयोग नव्हता. तिनें पाकीट बराच वेळ उलटसुलट केलें. समजाविण्याचा विषय त्या दिवशीं पुन्हां निघाला नाहीं.

हल्लीं तिच्या गच्चींत तुळशीवृंदावनाच्या सावलींत एक तापमापक टांगलेला आहे. कोथरूड आणि कामशेत यांत अंतर आहे, तेथला पारा व येथला पारा एक नव्हे, असें भाच्यानें तिला पुष्कळ सांगून पाहिलें. तरी रविवारीं साडेदहाला तिचा त्यास फोन जातो, आणि पश्चिमेची खिडकी हलली कीं दुसरा.