क्रॅबॲपल लावताय? आधी फुलांपलीकडे बघा

गुढीपाडवा उलटला, बर्फ वितळलं, की अमेरिकेच्या ईशान्य आणि मिडवेस्ट भागातल्या आपल्या मंडळींच्या गाड्या शनिवारी नर्सरीकडे वळतात. तिथे फुलांनी लगडलेलं क्रॅबॲपल दिसतं, मुलं म्हणतात ‘हेच घेऊया’, आणि झाड घरी येतं.

जरा थांबा. ही फुलं राहतात जेमतेम एक-दोन आठवडे. उरलेले पन्नास आठवडे ते झाड कसं दिसणार, हा खरा प्रश्न. आमच्या धंद्यात आम्ही सांगतो, खरेदीची किंमत बघू नका, पुढच्या वर्षांचा खर्च बघा. इथेही तेच.

क्रॅबॲपल म्हणजे सफरचंदाचाच भाऊबंद. फळ दोन इंचांपेक्षा लहान, पुष्कळदा बोराएवढंच. याचा मोठा शत्रू म्हणजे ‘स्कॅब’ ही बुरशी. पावसाळी वसंतात पानांवर काळपट डाग पडतात, पानं पिवळी होऊन गळतात, आणि ऐन जुलैत झाड बोडकं! म्हणून नर्सरीत रंगाआधी विचारा, ‘हे वाण स्कॅबला दाद देत नाही ना?’ ‘प्रेअरीफायर’ गडद गुलाबी फुलांचं, वीसेक फूट वाढणारं. ‘शुगर टाइम’ पांढऱ्या फुलांचं, लाल फळं हिवाळ्यातही टिकवणारं. अंगण लहान असेल तर ‘सार्जेंट’, सहा ते आठ फुटांचं, पण पसरट. ही तिन्ही वाणं या रोगाला चांगली टक्कर देतात.

जागा निवडताना दिवसाचं किमान सहा तास ऊन आणि पाण्याचा निचरा बघा. खणण्याआधी ८११ला फोन करा. जमिनीखालच्या गॅस-विजेच्या लाइनींवर ते फुकट खुणा करून देतात. खड्डा मुळांच्या गड्ड्याच्या दुप्पट-तिप्पट रुंद हवा, पण गड्ड्यापेक्षा खोल नको. बुंधा जिथे मुळांकडे पसरतो, तो भाग मातीच्या वरच दिसला पाहिजे. तो पुरला, की झाड हळूहळू गुदमरतं आणि कारण काही वर्षांनी कळतं. लाकडाच्या भुशाचा दोन-तीन इंच थर द्या, पण बुंध्याला टेकवू नका. पहिलं वर्षभर पाऊस नसेल तेव्हा आठवड्यातून एकदा खोलवर पाणी द्या. हिवाळ्यात ससे साल कुरतडतात, म्हणून बुंध्याभोवती जाळी लावा.

छाटणी थंडी सरता सरता, कळ्या फुटण्याआधी करा. पुढच्या वर्षीच्या कळ्या उन्हाळ्यातच धरतात, त्यामुळे उशिरा छाटलंत तर पुढच्या वर्षीची फुलंच कापली जातील. बुडातून फुटलेले धुमारे मात्र दिसताक्षणी काढा. शरद ऋतूत गळलेली पानं उचला, कारण स्कॅबची बुरशी त्यांतच हिवाळा काढते.

आणि फळं? खाता येतात, पण आंबट-तुरट. पेक्टिन भरपूर असल्यामुळे जेली छान जमते. गूळ-मिरची घालून चटणीही करून बघा. झाडावर औषध फवारलेलं नसावं, आणि बिया मात्र काढून टाका.

तर या शनिवारी नर्सरीत गेलात, की फुलांचा फोटो जरूर काढा. पण पैसे देण्याआधी वाणाचं नाव असलेली चिठ्ठी वाचा. भेटूया पुढच्या भागात. नमस्कार!